ठकीच्या नावावर

"ही ठकी कोण गं?" मनोजनं फोनवर विचारलं. सकाळचे अकरा वाजले होते. नेरळच्या माझ्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी बसले होते. खिडकीतून माथेरानचा डोंगर अर्धाच दिसत होता, उरलेला अर्धा गेल्या वर्षी समोर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगनं खाल्ला. एकतीस वर्षांत ते नाव माझ्यासमोर कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच. "कुठली ठकी?" मी म्हटलं. वेड पांघरून पेडगावला जाणं मला लहानपणापासून जमतं. "अगं, लॉगमध्ये पानंच्या पानं तेच नाव आहे. ठकी, ठकी, ठकी. एकोणीस दिवसांत एकेचाळीस हजार प्रश्न. ही बाई झोपते कधी?" तो हसला, पण हसण्यात दम नव्हता. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. बघायचं काही नव्हतं. ते नाव मीच लिहिलं होतं.

खालापुरात हायवेच्या कडेला, एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मनोज त्याचा मालक, मी त्याची पहिली नोकर, बाकी चार पोरं येऊन जाऊन. आम्ही डोंगरातल्या आदिवासी वाड्यांसाठी एक फोन लाइन चालवतो. साधा नंबर लावायचा, आपल्या बोलीत विचारायचं, पलीकडून बाईच्या आवाजात उत्तर येतं. बकरीला फुगारा धरला, पोराला ताप आहे, दाखल्याला कुठले कागद लागतात, काहीही. उत्तरं अर्थात आमची नसतात. ती बाहेरच्या मोठमोठ्या एआय मॉडेलांची असतात. पण प्रश्न सरळ तिकडे जात नाही. मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर बसलेला असतो. तो आधी येणाऱ्याची किल्ली बघतो, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाच्या नावानं दिलेली अक्षरांची एक लांबलचक ओळ, आणि ती खरी असेल तरच प्रश्न पुढे पाठवतो आणि उत्तर घेऊन माघारी येतो. हे सॉफ्टवेअर आम्ही केलेलं नाही, जगभर लोक ते फुकट वापरतात. मी ते फक्त बसवलं. वर्षापूर्वी एका दुपारी, याच टेबलावर, डाळ शिजत असताना.

आज सकाळी त्या सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र आलं होतं. एक भोक सापडलं आहे, ताबडतोब दुरुस्ती बसवा. भोक मोठं मजेशीर होतं. चुकीची किल्ली दिली तर सर्व्हर हाकलून लावायचा, त्यात तो पक्का होता. पण किल्लीच्या जागी कुणी नुसतं रिकामं पाकीट पुढे केलं, तर तो गोंधळायचा. नाही म्हणायचं सोडून, "याचं नाव सापडत नाही" एवढंच स्वतःशी म्हणायचा, नाव नसलेल्यांसाठी ठरवून ठेवलेलं नाव त्याला द्यायचा आणि आत सोडायचा. ही गोष्ट त्यांना एकोणीस दिवसांपूर्वी कळली होती. दुरुस्ती तयार होईपर्यंत ते गप्प राहिले. ज्यांना ती दुसरीकडून कळली ते काही गप्प राहिले नाहीत. मी दुरुस्ती वीस मिनिटांत बसवली, मनोजला कळवलं आणि मग कोण कोण येऊन गेलं ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, पाहायला बसले. आणि नावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ठकी. बसवताना सॉफ्टवेअर विचारतं, नाव नसल्यास कोणतं नाव धरायचं? काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोक कुणी तरी, अमुक, पाहुणा असलं काही लिहितात. माझ्या बोटांनी ठकी लिहिलं. मी तेव्हा विचार केला होता असं मला आठवत नाही. डाळीची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी उठले, एवढं आठवतं.

माझ्या लहानपणी कर्जतजवळ कोंडाणे गावाच्या खालच्या आळीत आमचं घर होतं, डोंगराकडे पाठ करून. पुढचं दार रस्त्याकडे आणि मागचं परसात. पुढच्या दारानं येणाऱ्याला ओटीवर बसवून, कोण, कुठले, सगळं विचारलं जाई. मागच्या दारानं येणाऱ्याला कुणी काही विचारत नसे, कारण मागच्या दारानं घरचं माणूस येतं, नाहीतर वाडीवरची ठकी. ठकी मार्गशीर्षात रानातले करांदे, म्हणजे कडवट कंद, आणायची, पावसाळ्यात रानभाजी, आणि दारातूनच आवाज द्यायची, "बाय, हायस का घरात?" आई तिला पसाभर तांदूळ घालायची. तिच्याबरोबर ओल्या पाल्याचा आणि धुराचा वास यायचा. मला तो आवडायचा. ती माझ्या मुठीत कधी उकडलेला करांदा ठेवायची, कडू नसलेला निवडून. मी सात वर्षांची होते आणि माझा भाऊ अक्षय पाळण्यात होता. त्या दुपारी आई वालाच्या शेतात गेली होती, बाबा कर्जतला. भाताच्या कणगीशेजारी पाळणा होता, मी मधल्या घरात सागरगोटे खेळत होते. डाव रंगात आला होता. मागचं दार करकरलं. कुणीतरी आत आलं, किंवा आलं नाही. पावलं वाजली असं मला वाटतं, पण ती मी नंतर कानांत घातलेली असतील. आवाज आला नाही, हे मात्र नक्की. "बाय, हायस का" असं कुणीही म्हटलं नाही. मी मान वळवली नाही. पाच गोटे वर होते, मान वळवली असती तर पडले असते.

संध्याकाळी अक्षयच्या डाव्या पायात चांदीचा वाळा नव्हता. आईनं पाळणा झटकला, गोधड्या झटकल्या, मग मला पुढ्यात घेतलं. "कोन आलं व्हतं गं?" मी म्हटलं, ठकी. कुणी विचारलं नाही की मग करांदे कुठं आहेत. मागच्या दारानं कोण येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ठकीचा नवरा पदू आला. तो पुढच्या दाराला आला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्यानं ठकीची पिशवी आणली होती. ती त्यानं अंगणात उलटी केली. चिमटा, तंबाखूची डबी, सुतळीचं गुंडाळं. "बघा," तो म्हणाला, "नाय तिच्यापाशी." बाबा म्हणाले, "पिशवीत ठेवायला ती येडी हाय का?" आळीतली माणसं हसली. मी दाराआड होते. पदूनं एकेक वस्तू पुन्हा पिशवीत भरली आणि तो गेला. त्यानंतर आळीत कुणाच्याच मागच्या दारानं वाडीवरच्या बायका आल्या नाहीत. आईनं मागच्या दाराला कडी बसवली.

हे सगळं मी काही दर वर्षी आठवत बसत नाही. माणसाला कामं असतात. पण लॉग वाचताना ते माझ्याशेजारी येऊन बसलं. एकेचाळीस हजार प्रश्न ठकीच्या नावावर. मला ठाऊक नसलेल्या भाषांमधले. कुणी परीक्षेचे निबंध लिहून घेतले होते. कुणी कुठल्याशा बाईला पाठवायची पत्रं, चाळीस वेळा, प्रत्येक वेळी थोडी जास्त गोड. कुणी विचारलं होतं, माझ्या आजाराचं डॉक्टरला कळू न देता औषध कसं मिळेल. आणि एक जण रोज दुपारी दोनच्या सुमाराला यायचा. त्याची भाषा मी मशीनकडून मराठीत करून घेतली. तो फक्त एवढंच विचारायचा, आहेस का? उत्तर मिळालं की जायचा. घरात कुणी तरी हिंडून जावं आणि कपाट जागच्या जागी असावं पण हंड्याचं झाकण तिरकं, तसं मला वाटत राहिलं. एकदा तर मी खरोखर उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. सातव्या मजल्यावर मागचं दार नसतं. तरी गेले.

साडेबाराला मनोजचा पुन्हा फोन. आवाज आता कामाचा होता. ज्या संस्थेच्या पैशावर ही लाइन चालते तिला चार वाजेपर्यंत अहवाल हवा होता. "सापडली," तो म्हणाला. "कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीत एक ठकी आहे ना आपल्या यादीत? ठकी पदू. वनिताची आई. वनिता आपली तिथली आरोग्यसेविका. म्हणजे बघ, म्हातारीच्या नावाची किल्ली पोरीनं कुणाला तरी दिली असणार, किंवा विकली असणार. आहे ना ती ठकी यादीत?" मी "आहे" म्हटलं. शब्द खरा होता. मी यादीत ते नाव पूर्वीच पाहिलं होतं आणि ठाकरवाडीत ठकी नावाच्या बायकांना काय तोटा, असं म्हणून खाली सरकले होते. आमच्या आठही वाड्यांच्या यादीत ठकी मात्र एकच होती. मनोज म्हणाला, "वाडीची लाइन मी आत्ता बंद करतो. नाव पोलिसांकडे देऊन टाकू. आपण सुटलो." मनोज वाईट माणूस नाही. त्याच्या घरची जमीन हायवेनं गिळली तेव्हा त्यानं दुकान काढलं नाही, ही लाइन काढली. पण घाबरलेला माणूस पहिलं सापडेल ते नाव धरतो, हे मी त्याला शिकवायला नको आणि त्यानंही मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आई कुणाबद्दल तरी नेहमी म्हणायची. स्वतःच्या घराबद्दल तिनं ते कधी म्हटलं नाही.

कारण वाळा सापडला होता. त्याच वर्षी आषाढात, कणगी तळाला आली तेव्हा, भाताच्या शेवटच्या दोन पायलींत. अक्षय पाय झाडायचा फार. पाळण्यातून वाळा उडून कणगीत पडला असणार आणि वरून भात ओतलं गेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. आईनं तो पदराला पुसला. मी सूप धरून उभी होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आता कुटं सांगत बसायचं," आई म्हणाली. "समद्या गावाला झालंय. तुझ्या बापाला खाली बघावं लागंल." आणि तिनं तो अक्षयच्या पायात न घालता कपाटात ठेवून दिला. मी सात वर्षांची होते, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. आठव्या वर्षीही मी गप्प होते. विसाव्यालाही. अडतिसाव्या वर्षी वय सांगून सुटता येत नाही.

मी आईला फोन लावला. ती अक्षयकडे असते, कर्जतला. "आई, अक्षयचे ते वाळे कुठं आहेत गं?" "कपाटात हायत. का गं? कुनाला पोर झालं?" "नाही. तुला ठकी आठवते?" पलीकडे टीव्ही चालू होता. आईनं तो बारीक केला, एवढं मला ऐकू आलं. "नाय बा," आई म्हणाली, आणि वालाच्या शेंगा पाठवल्यात त्या मिळाल्या का, ते विचारू लागली.

खऱ्या ठकीचे प्रश्न मी तेव्हा शोधले. ते वेगळे ओळखू येत होते. त्यांच्यापुढे पूर्ण नाव होतं, वाडीचा नंबर होता, वनितानं सांभाळलेली खरी किल्ली होती. त्या एकेचाळीस हजारांत ते नव्हतेच. तो ढीग रिकाम्या पाकिटांचा होता. खरे प्रश्न सहा. लाइनवरचे आवाज आम्ही महिनाभर ठेवतो. मी कानाला लावले. "बाय, हायस का घरात?" आवाज जाड झाला होता, मध्ये खोकला होता, पण शेवटचा स्वर तसाच वर जात होता. प्रत्येक प्रश्नाआधी ती तेच म्हणत होती, मशीनला. मशीन अदबीनं सांगत होतं की हो, मी आहे, बोला. गुडघ्याबद्दल दोनदा. बकरीबद्दल एकदा. एकदा नुसतं, "तू कुनाची गं?" आणि मग हसणं. शेवटचे दोन एकाच गोष्टीबद्दल होते. "रेशनवाला म्हनतो, तुझा आंगठा मशीनीत उमटत नाय. घासलाय म्हनतो. दोन म्हैनं झालं. आता मी हाय तर. पुढ्यात हुबी हाय. मंग मी कशी नाय?" मशीननं तिला कार्यालयाचा पत्ता सांगितला होता आणि अर्जाचा नमुना. ती म्हणाली, "बरं बाय," आणि फोन ठेवला.

हे मी चार वेळा ऐकलं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. इतक्यात त्याच वाडीच्या नंबरवरून माझा फोन वाजला. वनिता होती. "ताई, फोनातली बाय बोलंना. बंद हाय म्हनते. आन हितं वाडीतल्या जयाचं पाय सुजलेत, तोंड बी सुजलंय, डोकं धरून बसलीय. आठवा म्हैना लागलाय तिला. मी कोनाला इचारू?" मी डॉक्टर नाही, पण अशा प्रश्नाला लाइन काय उत्तर देते ते मला पाठ होतं, कारण ते उत्तर डॉक्टरांकडून मीच तपासून घेतलं होतं. "विचारत बसू नकोस," मी म्हटलं. "तिला झोळीत घालून खाली गावात आणा, टेंपो, जीप, मिळेल ते घे आणि आत्ता कर्जतला दवाखान्यात ने. आत्ता." "बरं," वनिता म्हणाली, आणि मग थांबून, "ताई, लाइन का बंद केली? आमचं काय चुकलं का?" तिच्या आईनं मशीनला विचारला होता तसाच सरळ प्रश्न. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." वाक्य तोंडातून गेल्यावर ते किती सोपं होतं ते मला कळलं. एकतीस वर्षं ते जड आहे असं मी धरून चालले होते.

मनोजला मी व्हिडिओवर बोलावलं. तोंड दिसायला हवं होतं. "वाडीची लाइन सुरू कर," मी म्हटलं. "ती ठकी नाही." "मग कोण आलं होतं?" त्यानं विचारलं. आईनं तेव्हा विचारलेले नेमके तेच शब्द. मागच्या खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं, मी त्या उन्हाकडे बघत म्हटलं, "माहीत नाही. मी बघितलं नव्हतं. नाव नसलेल्याला कुठलं नाव द्यायचं, तो रकाना मी भरला. ठकी मी लिहिलं." "का?" "लहानपणी एकदा असंच घेतलं होतं, तेच पुन्हा लिहिलं." त्याला ते कळलं नाही, आणि कळण्याची गरज नव्हती. तो चिडला, आणि चिडायला हवंच होतं. वर्षभर आम्हाला किल्ल्या जपायला सांगतेस, आणि स्वतः मात्र असली पोरकट नावं घालून ठेवतेस, संस्थेला आता मी काय सांगू, तुझं नाव सांगू का, असं बरंच बोलला. "माझंच सांग," मी म्हटलं. "भोक सॉफ्टवेअरचं, नाव माझं. तसंच लिही. नाहीतर मीच लिहिते." अहवालाचा मसुदा मी उघडला. जबाबदार व्यक्ती, या रकान्यात मनोजनं आधीच ठकी पदू, ठाकरवाडी, असं भरलं होतं. मी एकेक अक्षर खोडलं. छाया भिवाजी हे स्वतःचं नाव लिहिताना माझी बोटं दोनदा चुकली. मनोज म्हणाला, "उद्यापासून तू कामावर आहेस की नाही ते मला संस्था सांगेल. मी नाही सांगू शकत." "हो," मी म्हटलं. तीन वाजून दहा मिनिटांनी वाडीची लाइन सुरू झाली. चार वाजता वनिताचा निरोप आला, जयाला भरती केलंय, सलाइन लावलंय, बाळ बरं आहे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंडाण्याला गेले. जाताना कर्जतला उतरून आईकडून तो वाळा मागून घेतला. आईनं कपाट उघडून दिलं आणि माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. गावापासून वर वाडीपर्यंत पायवाट आहे, पाऊण तासाची, कारवीतून जाणारी. मी ती लहानपणी कधी चढले नव्हते. ठकीच खाली यायची. वाडीत वनिता नव्हती, ती दवाखान्यात जयापाशी होती. एका पोरीनं घर दाखवलं. कुडाचं, शेणानं सारवलेलं, नीटनेटकं. आणि मी काय केलं, तर घराला वळसा घालून मागे गेले. मला मागच्या दारानं आवाज द्यायचा होता, तेवढं तरी. मागे नुसती भिंत होती, तिला टेकून ठेवलेलं जळण आणि एक झोपलेली बकरी. त्या घराला एकच दार होतं. मी पुन्हा पुढे आले.

"कोन?" आतून आवाज आला. एवढ्या वर्षांत मला कुणी हा प्रश्न इतका नीट विचारला नव्हता. "मी छाया," मी म्हटलं. "खालच्या आळीतली. भिवाजीची छाया." आत काहीतरी सरकलं. ठकी भिंत धरत दारापर्यंत आली. ती फार लहान झाली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं, पायांपासून वर, आणि मग ओळखीचं म्हणून विचारावं तसं विचारलं, "वाळा गावला का गं तुमचा?"

मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. मूठ उघडून दाखवली. "गावला," मी म्हटलं. "कंदी?" "त्याच आषाढात. कणगीत होता. मी कुणाला बघितलंच नव्हतं त्या दुपारी. उगाच तुझं नाव घेतलं." तिनं वाळा हातात घेतला. अंगठ्यानं तो एकदा चाचपून पाहिला, त्या घासलेल्या, कुठल्याच मशीनमध्ये न उमटणाऱ्या अंगठ्यानं, आणि परत माझ्या मुठीत ठेवला. "त्याच आषाढात," ती म्हणाली. मग वाटेकडे बघत राहिली, मी आत्ता चढून आले होते त्या वाटेकडे. "पदूला सांगाया पायजे व्हतं गं. त्याला वाटायचं, माज्या पदरात अडकून आला आसंल नि वाटंत पडला आसंल. मरंस्तवर त्यो या वाटंनं खाली बघून चालला."

तिनं मला आत ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.